ए, लाइट बंद कर!

पिक्चर सुरू झाला तरी थिएटरातले दिवे चालूच! चूक कुणाची? ऑपरेटरची, कॉम्प्युटरची की वायरची? शोधायची एक पद्धत आहे.

शुक्रवारचा शो. धाराशिवची पोरं गाडी काढून सोलापूर नाहीतर लातूर गाठतात. हिरोची एन्ट्री होते आणि डोक्यावरचे दिवे काही विझत नाहीत. मागून शिट्टी, पुढून आरोळी. सगळ्यांच्या नजरा मागच्या त्या छोट्या काचेच्या खिडकीकडे. गंमत अशी की मल्टिप्लेक्समध्ये त्या क्षणी खिडकीमागे कुणी नसण्याचीच शक्यता जास्त!

बटण कोण दाबतं?

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये प्रश्नच नव्हता. तंबू, प्रोजेक्टर आणि बटणापाशी बसलेला माणूस. पुढे रिळांच्याच काळात ऑटोमेशन आलं. फिल्मच्या कडेला चंदेरी पट्टीचा बारीक तुकडा चिकटवायचा. तो सेन्सरसमोरून गेला की दिवे मंद.

आता रीळ गेलं, सर्व्हर आला. जाहिराती, ट्रेलर, पिक्चर, इंटरव्हल अशी प्लेलिस्ट लावतात आणि तिच्यात जागोजागी ‘क्यू’ टाकतात. क्यू म्हणजे हुकूम : इथे दिवे अर्धे, इथे बंद, इथे पूर्ण. बहुतेक परदेशी पिक्चरमध्ये तर इंटरव्हल मुळात नसतोच. तो कुठे पाडायचा आणि दिवे कधी लावायचे, हे इथेच ठरतं. हुकूम नेटवर्कच्या केबलने किंवा रिलेच्या साध्या वायरने डिमरपर्यंत जातो आणि डिमर दिव्यांचा उजेड कमी-जास्त करतो.

म्हणजे साखळी अशी : प्लेलिस्ट, सर्व्हर, वायर, डिमर, दिवा. कडी कुठली तुटली, एवढंच शोधायचं.

आधी प्रश्न, मग पाना

पहिला प्रश्न : घोळ एकाच पिक्चरला होतोय की सगळ्या शोला? एकालाच होत असेल, तर वायरच्या नादी लागूच नका. नवीन पिक्चरची प्लेलिस्ट बनवताना क्यू टाकायचा राहिला किंवा चुकीच्या वेळेला पडला, असं समजा.

सगळ्याच शोला होतंय? मग केबिनमधलं दिव्यांचं बटण हाताने दाबा. दिवे मंद झाले, तर डिमर आणि दिवे ठणठणीत. नाही झाले, तर डिमरचा सप्लाय आणि एमसीबी बघा.

बटण चालतंय? मग सर्व्हरच्या स्क्रीनवरून तोच हुकूम हाताने सोडा. चालला, तर दोष प्लेलिस्टमध्ये. नाही चालला, तर सर्व्हर आणि डिमरच्या मधे : निघालेली केबल, सैल झालेला स्क्रू, नाहीतर बदललेला आयपी अ‍ॅड्रेस.

लाइट जाऊन जनरेटर सुरू झाल्यावरच हे होत असेल, तोही पुरावाच. वीज परत आल्यावर काही डिमर आधीची स्थिती विसरून दिवे पूर्ण पेटवतात. आणि दिवे नुसते लुकलुकत असतील, तर साध्या बल्बच्या जमान्यातल्या डिमरला एलईडी जोडलेत का, ते बघा. एलईडी फारच कमी वीज खातो. त्या डिमरला तेवढा लोड पुरत नाही, म्हणून ‘बंद’ असतानाही दिवा मिणमिणतो.

एक मात्र पक्कं : पॅनल उघडायचं ते सप्लाय बंद करून आणि जाणकार इलेक्ट्रिशियननेच.

अंधार झाला, पण किती?

दिवे बंद झाले नाहीत तर पिक्चरची मजा जाते. दिवे हवे तेव्हा लागलेच नाहीत तर? १३ जून १९९७. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ‘बॉर्डर’चा शो चालू होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत शिरला. वीज गेली. इमर्जन्सी लाइट नव्हते, जायच्या वाटेत जादा खुर्च्या होत्या. ५९ जणांचा जीव गेला.

म्हणून पायऱ्यांवरचे बारीक दिवे आणि ‘एक्झिट’ची पाटी प्लेलिस्टच्या हुकमावर नसावी. त्यांना वेगळी लाइन आणि बॅटरी हवी. फायर अलार्म वाजला की शो आपोआप थांबून सगळे दिवे लागले पाहिजेत. आणि हे पहिल्या शोच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये तपासायला हवं.

आयटीआयला असाल किंवा तुळजापूरला इंजिनिअरिंग करत असाल, तर ही साखळी ओळखीची वाटली असेल. हॉस्टेलचं वायफाय असो की शेतातली ऑटो-स्टार्टर मोटर, शोधायची रीत हीच : साखळी अर्ध्यात तोडा, कुठला अर्धा भाग चालतोय ते बघा, मग उरलेल्या भागात शोधा.

आणि पुढच्या वेळी थिएटरात बसल्यावर मोबाइल सायलेंट करायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक्झिटची पाटी पेटलीय का? आणि दारापुढे काही ठेवलंय का? पाटी बंद दिसली, तर शिट्टी मारू नका. उठून डोअरकीपरला सांगा.