पॅरिसच्या गावकुसाबाहेर आलेली ट्राम

पॅरिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आयफेल टॉवर उभा राहतो. त्याच पॅरिसपासून अवघ्या 15 किलोमीटरवर क्लिशी-सू-ब्वा नावाचे उपनगर आहे. उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून पोटापाण्यासाठी आलेली अनेक कुटुंबे येथील उंच इमारतींत राहतात. राजधानी एवढी जवळ, पण 2019 पर्यंत या गावाला रेल्वेचे एकही स्टेशन नव्हते! कामावर जायचे तर आधी बस धरायची, मग दुसऱ्या गावात जाऊन रेल्वे. गावकूस म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

27 ऑक्टोबर 2005 रोजी येथील दोन किशोरवयीन मुले पोलिसांपासून पळताना वीज उपकेंद्रात लपली आणि विजेच्या धक्क्याने मरण पावली. पुढे तीन आठवडे फ्रान्सची उपनगरे धुमसत होती. सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. तेव्हा कुठे जगाला या गावाचे नाव कळले.

2006 साली ओल्ने ते बाँदी या जुन्या रेल्वेमार्गावर ‘टी-4’ ट्राम धावू लागली. पण ती क्लिशीत येत नव्हती. तेथवर फाटा काढायचे ठरले, तर वाटेतल्या काही नगरपालिकांनी आपल्या रस्त्यांवर रूळ नकोत म्हणून विरोध केला. अखेर डिसेंबर 2019 मध्ये ट्राम क्लिशीत पोहोचली आणि ऑगस्ट 2020 मध्ये मोंफर्मेयच्या इस्पितळापर्यंत गेली. एकच गाडी आधी रेल्वेच्या रुळांवरून व मग भर रस्त्यातून धावते. बाँदीला उतरले की पॅरिसची लोकल मिळते.

ट्राम आली म्हणजे न्याय मिळाला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या मुलांच्या प्रकरणातील दोन्ही पोलीस 2015 साली निर्दोष सुटले. रुळांनी बेकारीही संपत नाही. पण कामावरून रात्री परतणारी आई, कॉलेजला जाणारी मुलगी, इस्पितळात निघालेले म्हातारे आजोबा यांचा दिवस त्या गाडीने सोपा होतो, हे खरे.

म्हणून बंधुभगिनींनो, नव्या वसाहतीत घर घेताना खोल्या मोजाच. पण शेवटची बस किती वाजता सुटते, तेही विचारा. बस नसेल तर चार घरांनी मिळून अर्ज करा. वस्तीपर्यंत गाडी येणे हा आपला हक्क आहे.