बादशहा भाऊ म्हणतो तेव्हा

वाचकहो, चीनच्या जुन्या सम्राटांविषयी एक गोष्ट आपण नेहमी ऐकतो. आकाशात सूर्य एक, तसा पृथ्वीवर सम्राटही एकच, अशी त्यांच्या दरबाराची धारणा होती. इतर राजांनी नजराणा आणावा, मस्तक टेकावे आणि मानाच्या भेटी घेऊन परत जावे. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. शेजारी तोडीस तोड निघाला, तर हाच दरबार काय करी, ते आज आपण पाहू.

इ. स. १००४ साली उत्तरेकडील खितान लोकांचे लिआओ राज्य चीनच्या सुंग राज्यावर चालून आले. सैन्याबरोबर त्यांचा राजा होता आणि राज्याची खरी सूत्रे हाती असलेली त्याची आईही. सुंग दरबारातील काही मंत्री म्हणाले, राजधानी सोडून दक्षिणेला जावे. कौ झुन या मंत्र्याने मात्र सम्राट झेनझोंग यांना आघाडीवर नेले. पीत नदीकाठी चान्युआन येथे दोन्ही सैन्ये अडून बसली. कोणालाच निर्णायक विजय मिळेना. मग बोलणी सुरू झाली.

१००५ च्या आरंभी तह झाला. सुंगांनी दरवर्षी १ लाख लिआंग चांदी, म्हणजे सुमारे ४ टन, आणि २ लाख ताके रेशीम द्यावे असे ठरले. सरहद्दीवर नवे किल्ले बांधायचे नाहीत, पळून आलेल्यांना आसरा द्यायचा नाही, असेही ठरले. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे दोन्ही राजांनी नाते जोडले. सुंग सम्राट थोरला भाऊ, लिआओचा राजा धाकटा, आणि त्याची आई सुंग सम्राटाची काकू!

खंडणी हा शब्द सुंगांनी कटाक्षाने टाळला. पैसा गेला तरी चालेल, मान जाता कामा नये, असा हा हिशेब होता. तो तोट्याचाही नव्हता. युद्धाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती, आणि सरहद्दीवरच्या बाजारांतून बरीच चांदी व्यापाराने परत येई. १०४२ मध्ये लिआओने धमकावले, तेव्हा रक्कम वाढवून २ लाख लिआंग चांदी आणि ३ लाख ताके रेशीम झाली. पण तह टिकला. शंभरावर वर्षे दोघांत मोठे युद्ध झाले नाही.

मग सुंगांना मोह झाला. लिआओकडे असलेला जुना मुलूख परत मिळेल, या आशेने त्यांनी ११२० मध्ये लिआओच्या मागे राहणाऱ्या जुर्चेन लोकांशी गुप्त संधान बांधले. ११२५ मध्ये लिआओ बुडाले. पण त्याच वर्षी जुर्चेन सुंगांवरच उलटले. ११२७ मध्ये राजधानी कायफेंग पडली आणि सुंगांचे दोन सम्राट, बाप आणि मुलगा, कैद होऊन उत्तरेला नेले गेले.

भाऊबंदकी काय करते, हे आपल्या घरांना सांगायला नको. भाऊ म्हणून दिलेली चांदी सुंगांना कधी जड झाली नाही. भावाच्या पाठीमागे केलेला सौदा मात्र फार महाग पडला.