डॉलर लावा, टेन्शन घालवा!

पगाराची शीट संध्याकाळपर्यंत हवी, असं फर्मान सुटतं. तुम्ही पहिल्या सेलमध्ये व्हीलूकअप टाकता, एंटर मारता आणि उत्तर बरोब्बर येतं. मग तोच फॉर्म्युला उजवीकडे आणि खाली ओढता... आणि स्क्रीनभर ‘हॅश-एन-ए’ची रांग! आता प्रत्येक कॉलममध्ये जाऊन हाताने आकडे बदलत बसा.

मंडळी, एक्सेलला शिव्या देऊ नका. फॉर्म्युला एक घर उजवीकडे नेला की त्यातला ए२ आपोआप बी२ होतो. एक घर खाली नेला की ए३ होतो. हा त्याचा स्वभावच आहे. कुठे हलायचं नाही, हे त्याला आपण सांगायचं असतं आणि ते सांगतो डॉलर. $ए२ म्हणजे कॉलम पक्का, ओळ मोकळी. ए$२ म्हणजे ओळ पक्की, कॉलम मोकळा. $ए$२ म्हणजे सगळंच पक्कं. फॉर्म्युला लिहिताना पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबत राहा, हे पर्याय एकामागोमाग येतात.

समजा, ‘मास्टर’ शीटवर ३०० जणांची माहिती आहे: कोड, नाव, विभाग, बेसिक, एचआरए, पीएफ. तुमच्या शीटवर ए कॉलममध्ये कोड आहेत. मग बी२ मध्ये असं लिहा:

=व्हीलूकअप($ए२, मास्टर!$ए$२:$एफ$३०१, २, ०)

खाली ओढा, काम फत्ते. पण उजवीकडे ओढलंत तर प्रत्येक कॉलममध्ये नावच येईल. कारण तो मधला २ हा साधा आकडा आहे, पत्ता नव्हे. तो जागचा हलत नाही. त्याच्या जागी कॉलम्स($ए२:बी२) लिहा. याचं उत्तर २. एक घर उजवीकडे गेलात की बी चा सी होतो आणि उत्तर ३. आहे की नाही सोप्पं?

खरी गोम पुढे आहे. उद्या एखाद्याने मास्टर शीटमध्ये विभागानंतर नवा कॉलम घुसवला, तर बेसिकच्या जागी भलतंच काही येईल आणि एररही दिसणार नाही. कुणाच्या तरी पगाराचा प्रश्न आहे, बॉस! म्हणून कॉलमचा नंबर मोजू नका, हेडिंगवरून शोधा. तिथे मॅच(बी$१, मास्टर!$१:$१, ०) टाका. दोन्ही शीटवर हेडिंगचं स्पेलिंग मात्र सेम हवं.

तुमच्याकडे एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एक्सलूकअप वापरा. मायक्रोसॉफ्टने तो २०१९ मध्ये जाहीर केला. त्यात कॉलमचा नंबर द्यावाच लागत नाही, थेट हवा तो कॉलम दाखवायचा. पण ज्याला फाइल पाठवताय त्याच्याकडे २०१६ असेल, तर जुना व्हीलूकअपच बरा.

‘एवढ्याशा फॉर्म्युल्याने काय होतंय?’ असं वाटतंय? कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या बड्या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा पेपर २०१० मध्ये जगभर गाजला. त्यांच्या शीटमध्ये सरासरीचा फॉर्म्युला ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवा होता, तो ४४ व्या ओळीवरच थांबला. पाच देश हिशेबातून गायब! २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांसोबत ही चूक जगासमोर आणली.

तेव्हा मेल पाठवण्याआधी दोन मिनिटं काढा. सगळ्यात खालच्या ओळीतल्या, सगळ्यात उजवीकडच्या सेलवर जा आणि एफ२ दाबा. फॉर्म्युला कुठे कुठे बघतोय ते रंगीत चौकटींत आणि अक्षरांत दिसेल. कोड त्याच ओळीतला आणि टेबल पूर्ण असेल, तर बिनधास्त सेंड करा!