सागोतीच्या जागी

मालवणी घरात जेवणाचे दोन प्रकार असतात, वशाट आणि शिवराक. मासे, कोंबडी, मटण असेल तर ते वशाट. त्यातले काहीच नसेल तर शिवराक. वरवर पाहता हे मांसाहार आणि शाकाहार या शब्दांचे बोलीतले पर्याय वाटतात, पण वापर पाहिला की फरक कळतो. शाकाहारी हा माणूस असतो, शिवराक हा दिवस असतो. रविवारी सागोतीवर ताव मारणारा माणूस सोमवारी शिवराक जेवतो आणि बुधवारी पुन्हा बाजारातून बांगडे आणतो. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, गणपतीचे दिवस, गावच्या देवीचा वार्षिक उत्सव, अशी शिवराक दिवसांची यादी लांबलचक आहे. त्यात पावसाची भर. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला आज कायद्याने बंदी आहे. कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या समुद्रात होड्या जात नव्हत्या. सुक्या मासळीवर आणि कडधान्यांवर घर चाले.

याचा स्वयंपाकावर एक खोल परिणाम झाला. जन्मभर मांस न चाखलेल्या माणसाला वाढणे वेगळे आणि मांसाची चव ठाऊक असलेल्या, चार दिवसांनी पुन्हा ते खाणाऱ्या माणसाला वाढणे वेगळे. दुसऱ्या माणसाच्या पानात सागोतीची जागा रिकामी दिसते, ती भरावी लागते. सिंधुदुर्गातल्या बायकांनी ती पिढ्यान् पिढ्या कशी भरली, हा प्रश्न आज नव्याने पाहण्यासारखा झाला आहे, कारण तीच जागा भरायला आता एक पाकीट आले आहे.

वनस्पतीजन्य खिमा असे त्या पाकिटातल्या वस्तूला म्हणता येईल. अमेरिकेत बियाँड मीट ही कंपनी २००९ मध्ये आणि इम्पॉसिबल फूड्स २०११ मध्ये निघाली. आपल्याकडे रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स बाजारात आणली. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध चालते, मध चालतो. वीगन चिन्हाच्या पदार्थात प्राण्यापासून आलेले काहीच चालत नाही. ‘वीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, तो नेमका दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी.

या नव्या खिम्याच्या पाककृतींमध्ये मीटलोफ हा हमखास आढळणारा पदार्थ. मूळचा मीटलोफ म्हणजे खिम्यात दुधात भिजवलेला पाव, अंडे, कांदा, मसाला मिसळून, पावाच्या साच्यात थापून भट्टीत भाजलेला वडीसारखा ठोकळा. वरून टोमॅटोची आंबटगोड सॉस. थोड्या मांसात पाव मिसळून पुरवठ्याला आणण्याची ही युक्ती, त्यामुळे मंदीच्या आणि महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तो घरोघरी गेला. मांस वाचवण्यासाठीच जन्मलेला पदार्थ असल्याने त्यातून मांस पूर्ण काढून टाकणे ही फार मोठी उडी नव्हती. १८९० च्या दशकातच जॉन हार्वे केलॉग यांनी शेंगदाण्यापासून मांसासारखा ठोकळा तयार करून विकला होता.

महाराष्ट्राच्या घाटावर याच्या जवळ जाणारा एक पदार्थ शतकभर तरी नक्कीच नांदतो आहे, तो म्हणजे जुन्नर-नगर भागातली मासवडी. बेसन पाण्यात शिजवून घट्ट गोळा करायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, आत तीळ, सुके खोबरे, लसूण, कांद्याचे सारण भरायचे आणि फडक्यानेच दुमडून माशाचा आकार द्यायचा. तुकडे कापून झणझणीत रश्शाबरोबर खायचे. मासवडीने मासळीचा आकार उचलला. किनाऱ्यावर मात्र असे घडले नाही. जिथे खरा मासा रोज दारात येतो, तिथे बेसनाच्या माशाने कोण फसणार? मालवणी स्वयंपाकाने आकार सोडून दिला आणि रस्सा धरून ठेवला.

काळ्या वाटाण्याचे सांबार हे त्याचे उत्तम उदाहरण. कोंबडी-वडे हा मालवणी मेजवानीचा परमोच्च बिंदू. शिवराक दिवशी तेच वडे राहतात, कोंबडीच्या जागी काळे वाटाणे येतात. वाटाणे रात्रभर भिजवून अख्खे शिजवतात. मसाला तोच, धणे, मिरची, लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल यांचा. वाटपही तेच, खोबरे आणि कांदा काळपट लाल होईपर्यंत भाजून वाटलेले. देवाच्या नैवेद्याचे असेल तर कांदा-लसूण गळते आणि भाजलेले खोबरे एकटे भार उचलते. वाटपातच मूठभर शिजलेले वाटाणे वाटून घातले की मटणाच्या रश्शाला हाडांमुळे जो दाटपणा येतो, त्याच्या जवळपासचा दाटपणा येतो. खोबरे-कांदा कोरड्या तव्यावर भाजताना साखर आणि प्रथिने यांच्यात जी प्रक्रिया होते, तीच मांस भाजताना होते. करपट-खमंग वासाचे रसायन एका जातीचे आहे. सागोतीची निम्मी ओळख मांसात नसून वाटपात आहे, हे मालवणी बाईला प्रयोगशाळेशिवाय कळले होते.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. हे शिवराक जेवण बहुतेक वीगनच असते. घाटावर शाकाहारी पानाला दूध, दही, ताक, तूप यांचा आधार असतो. कोकणच्या या पट्ट्यात दुभते कमी, नारळ जास्त. आमटीला स्निग्धपणा नारळाच्या रसाचा; जेवणाच्या शेवटी ताकाऐवजी कोकम घातलेली सोलकढी; गोडात खीर केली तरी नारळाचे दूध आणि गूळ. वरचा तुपाचा थेंब वगळला तर लंडनमधल्या १९४४ च्या त्या मंडळींना हे पान निःशंकपणे वाढता आले असते. म्हणून वीगन मीटलोफ मालवणला परका वाटला तरी त्याची सामग्री इथल्या फडताळात आधीपासून आहे.

ती कशी, हे पाहायचे तर मांस त्या ठोकळ्यात नेमकी कोणती कामे करते ते वेगवेगळे करून पाहावे. पहिले काम दाताखाली येणाऱ्या तंतूंचे, दुसरे प्रथिनांचे, तिसरे चरबीचे आणि चौथे सगळे एकत्र बांधून ठेवण्याचे.

कारखान्यात पहिली दोन कामे सोयाबीन किंवा वाटाण्याच्या प्रथिनाकडून करून घेतात. तेल काढलेले पीठ ओले करून, प्रचंड दाबाखाली आणि शंभर अंशांहून बऱ्याच जास्त तापमानात एका नळकांड्यातून रेटतात. प्रथिनांचे गुंडाळे उलगडतात, एका दिशेने रांगेत बसतात आणि त्यांना तंतूंचे रूप येते. आपल्या ओळखीच्या सोया चंक्समागे हेच तंत्र आहे. मालवणात तंतूंचे काम झाडच करून देते. माघ-फाल्गुनात फणसाला लागलेली कोवळी कुयरी उकडून कुस्करली की तिचे धागे सुटतात आणि मसाला आत ओढून घेतात. मात्र कुयरीत प्रथिने शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम एवढीच. काळ्या वाटाण्यात, कोरड्या वजनावर, ती सुमारे २२ ग्रॅम. इथल्या फणसाच्या भाजीत काळे वाटाणे किंवा हरभरे घालण्याची रीत आहे. तंतू एकाने द्यायचे, सत्त्व दुसऱ्याने. चैत्रात त्यांना ओल्या काजूगरांची सोबत मिळते आणि पावसात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची.

चरबीचे काम सर्वांत अवघड. मांसातली चरबी गार असताना घट्ट असते, भाजताना वितळते आणि घास रसाळ करते. साधे तेल हे करू शकत नाही, ते आधीच सुटून वाहते. म्हणून कंपन्या खिम्यात खोबरेल घालतात. पण खोबरेल २४-२५ अंशांना वितळते, आणि मालवणच्या उन्हाळ्यात ते बाटलीतही पातळच असते. आपल्याकडे याहून योग्य वस्तू आहे, कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल. ते सामान्य तापमानाला मेणासारखे घट्ट राहते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते. टाचांच्या भेगांना लावायचे तेल म्हणून आज त्याची ओळख उरली असली तरी ते खाण्याचेही तेल आहे.

बांधण्याचे काम मीटलोफमध्ये अंडे करते. वीगन खिम्यात त्याजागी बहुधा मिथाइल सेल्युलोज असते. वनस्पतीच्या काष्ठतंतूंपासून केलेला हा पदार्थ तापला की घट्ट होतो आणि गार झाला की सैल पडतो. घरी हे काम पिष्टाकडून करून घेता येते. उकडून कुस्करलेल्या आठळ्या किंवा तांदळाची उकड गरम असताना चिकट असते आणि गार होताना आवळून बसते. म्हणून घरचा ठोकळा कापण्याआधी निवू देणे फार आवश्यक. जवसाची पूड पाण्यात भिजवली की जो बुळबुळीतपणा येतो, तोही अंड्याची उणीव भरून काढतो.

भट्टीचेही अडत नाही. काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून वरून-खालून भाजण्याची पद्धत इथे जुनीच आहे. धोंडस हा गोडाचा, पण ठोकळा भाजण्याचे तंत्र तेच.

या सगळ्याचा मेळ असा बसतो. उकडून घट्ट पिळलेली कुयरी ३०० ग्रॅम, कुस्करून, कढईत कोरडी परतून पाणी आटवलेली. शिजवलेले काळे वाटाणे २०० ग्रॅम, निम्मे ठेचून. पोह्यांची भरड अर्धी वाटी, तीन-चार चमचे नारळाच्या दुधात भिजवून. दुधातल्या पावाची ही बदली. घट्ट वाटप अर्धी वाटी, मालवणी मसाला दोन चमचे, उकडलेल्या आठळ्यांचा गोळा अर्धी वाटी, दोन मोठे चमचे जवसपूड तिप्पट पाण्यात भिजवून, मीठ. शेवटी दोन चमचे भिरंडेल किसून हलक्या हाताने मिसळायचे. मळून मुरवले तर त्याचे कण राहत नाहीत आणि रसाळपणा जातो. केळीचे पान लावलेल्या भांड्यात दाबून भरायचे आणि १८० अंशांवर पाऊण तास भाजायचे. शेवटच्या दहा मिनिटांत वर कोकमाचे आगळ आणि गूळ आटवून केलेला पाक फासायचा. पंधरा-वीस मिनिटे निवल्यावर कापायचे. पाकिटातला खिमा वापरायचा असेल तर कुयरी आणि वाटाण्यांच्या जागी तो ५०० ग्रॅम घ्यावा, भिरंडेल वगळावे आणि मीठ चाखून घालावे. पाकिटात मीठ आणि चरबी आधीच असते, आगळही खारट असते.

पाकिटाला नावे ठेवण्याचे कारण नाही. काजू आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या गलबतांमागून आलेली. आज त्यांच्याशिवाय मालवणी जेवण ओळखू येणार नाही. सोयाबीनचा खिमाही उद्या वाटपात मुरेल. शिवाय त्याची एक बाजू मान्य करायला हवी. कुयरी चिरायची म्हणजे हातांना आणि विळीला तेल लावायचे, चीक पुसत बसायचे. वाटाणे आदल्या रात्री आठवणीने भिजवायचे. वाटप भाजायचे आणि वाटायचे. हे श्रम घरातल्या बाईचे होते आणि त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. पाकीट विकते ते मांस नव्हे, तो वाचलेला वेळ आहे.

पण जाहिरातीत सांगतात त्याप्रमाणे हे पाकीट मटणाची जागा घेईल, हे सिंधुदुर्गापुरते तरी खरे दिसत नाही. रविवारची सागोती रविवारीच राहणार. पाकीट येईल ते सोमवारी, म्हणजे ते जागा घेईल काळ्या वाटाण्याची, कुयरीची, काजूगरांची. बहुधा कोंबडीहून महाग असलेला खिमा गोठवलेल्या पेटीतून येत राहील आणि पावसाच्या तोंडावर परसातला फणस झाडाखाली पडून कुजत राहील. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ ठरवले. इथे वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या जाती देऊन याच जिल्ह्याचे अर्थकारण बदलून दाखवले आहे. चिरलेली, उकडलेली, चीक काढलेली कुयरी आणि भिजवून शिजवलेला काळा वाटाणा पाकिटात मिळू लागला, तर बाईचे श्रमही वाचतील आणि पैसा बागेपर्यंत येईल. त्याला नवा शोध लागत नाही. सोमवारच्या पानात काय वाढायचे हे या किनाऱ्याने कधीच ठरवून ठेवले आहे; ते ओळखून त्याचे मोल करायचे तेवढे राहिले आहे.