ऑयलर्सचा एक उन्हाळा: आइस हॉकीचा संघ कसा जमवतात

२४ जून २०२४ च्या रात्री एडमंटन ऑयलर्स स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम लढतीचा सातवा सामना फ्लोरिडा पँथर्सकडून १-२ असा हरले. सुरुवातीचे तिन्ही सामने गमावून ३-३ अशी बरोबरी साधलेला संघ एका गोलानं मागे राहिला. हळहळत बसायला जेमतेम आठवडा होता, कारण १ जुलैला दुपारी एनएचएलचा खेळाडूंचा बाजार उघडतो. अमेरिका-कॅनडातल्या ३२ संघांची ही लीग ऑक्टोबरपासून बर्फावर खेळते. त्याआधीचे तीन महिने खेळ कागदावर चालतो आणि पुष्कळदा मोसमाचं भवितव्य तिथंच ठरतं. त्या उन्हाळ्यात ऑयलर्सचं जे झालं, त्यातून हा सगळा व्यवहार नीट कळतो.

थैली सगळ्यांना सारखी

मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा मोसम बुडाला. त्यातून पगारमर्यादा, म्हणजे ‘कॅप’ आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२४-२५ साठी ८ कोटी ८० लाख. उन्हाळ्यात दहा टक्के वर गेलं तर चालतं, पण मोसम सुरू होताना हिशेब मर्यादेत बसलाच पाहिजे. मालक कितीही गबर असला तरी दंड भरून सुटका नाही.

आयपीएलच्या लिलावातली थैली आपल्या परिचयाची आहे. इथं मात्र लिलाव नसतो. खेळाडूचा एजंट आणि संघाचा जनरल मॅनेजर यांच्यात सौदा ठरतो आणि करार तेव्हा आठ वर्षांपर्यंत जाऊ शकत होता. कॅपमध्ये मोजली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. त्या वर्षी हातात प्रत्यक्ष किती पडले हा वेगळा प्रश्न.

ऑयलर्सकडे कॉनर मॅकडेव्हिडचे १ कोटी २५ लाख, बचावपटू डार्नेल नर्सचे ९२ लाख ५० हजार आणि लिऑन ड्रायसाइटलचे ८५ लाख. तिघांतच थैलीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग संपला. मोसमातल्या संघात जास्तीत जास्त २३ जण असतात. बाकीच्यांना उरलेल्यात बसवायचं.

बांधलेले आणि मोकळे

संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी तरुण खेळाडू निवडतात, त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. अठराव्या वर्षी त्यात निवडलेल्या मुलाचा पहिला करार साधारण तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पगाराला नियमानंच वेसण असते. तो संपला तरी मुलगा सुटत नाही, त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात मोसम पुरे झाल्यावर तो खऱ्या अर्थानं मोकळा होतो आणि मग भाव वाढतो. म्हणूनच स्वस्तात चांगला खेळ मिळतो तो तेवीस-चोवीसच्या पोरांकडून. त्यांना सांभाळणं हे जनरल मॅनेजरचं खरं काम. १ जुलैच्या झगमगाटात नेमकं तेच मागे पडतं.

१ जुलैची खरेदी

ऑयलर्सचे जनरल मॅनेजर केन हॉलंड जूनअखेर गेले होते आणि खुर्ची रिकामी होती. कारभार जेफ जॅक्सन पाहत होते. त्यांनी व्हिक्टर अर्विडसनला दोन वर्षांसाठी वर्षाला ४० लाखांवर आणि जेफ स्किनरला एका वर्षासाठी ३० लाखांवर घेतलं. स्किनरला बफेलोनं आदल्याच दिवशी ‘बायआउट’ करून सोडलं होतं: उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग दुप्पट वर्षांत फेडायचा आणि मोकळं व्हायचं. हजारावर सामने खेळूनही या गड्याला प्लेऑफचा एकही सामना मिळाला नव्हता. एडमंटनला येण्याचं कारण उघड होतं. सोबत जुन्या जाणत्या खेळाडूंचेही करार झाले. खरेदीचं कौतुक झालं.

करार व्हायचे राहिले होते ते डिलन हॉलोवे आणि फिलिप ब्रोबर्ग या दोन तरुणांचे. दोघेही पहिल्या फेरीत निवडलेले आणि दोघांवर संघाचा हक्क. जातात कुठे?

एका डॉलरची मेख

हक्क असलेल्या खेळाडूलाही दुसरा संघ ‘ऑफर शीट’ देऊ शकतो. खेळाडूनं सही केली की मूळ संघाला सात दिवस मिळतात: तेवढाच पगार द्या, नाहीतर भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या जागा घेऊन खेळाडू सोडा. भरपाई पगाराच्या टप्प्यांवर ठरते. संघ एरवी हे हत्यार क्वचितच उपसतात.

१३ ऑगस्टला सेंट लुइस ब्लूजनी एकाच दिवशी दोन उपसली. ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर आणि हॉलोवेला २२,९०,४५७, दोन्ही दोन वर्षांसाठी. हे विचित्र आकडे मुद्दाम काढलेले होते. ब्रोबर्गचा आकडा दुसऱ्या फेरीतल्या एका जागेच्या टप्प्याच्या अगदी टोकाला होता. आणखी एक डॉलर दिला असता तर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतल्या जागा द्याव्या लागल्या असत्या. हॉलोवेचाही आकडा तसाच, तिसऱ्या फेरीच्या टप्प्याच्या कडेवर. भरपाईला आपलीच मूळ जागा लागते, म्हणून दुसऱ्या फेरीतली जागा ब्लूजनी पिट्सबर्गकडून परत मिळवली होती. असा हिशेब करणाऱ्याला दाद द्यावी लागते.

ऑयलर्सचे नवे जनरल मॅनेजर स्टॅन बोमन यांना खुर्चीत बसून तीन आठवडे झाले होते. बचावपटू कोडी सीसीला सॅन होजेला देऊन त्यांनी थोडी जागा केली, पण २० ऑगस्टला दोघांनाही सोडलं. पुढच्या मोसमात हॉलोवेनं ब्लूजसाठी २६ गोल केले आणि गोल आणि गोलासाठीचे पास मिळून एकूण ६३ गुण मिळवले. स्किनर आणि अर्विडसन यांचे गुण मिळून ५६.

माझ्या मते चूक २० ऑगस्टची नाही. तोवर हात बांधलेलेच होते. चूक १ जुलैची, घरच्या पोरांना गृहीत धरण्याची. हॉलोवेच्या नावावर तेव्हा ८९ सामन्यांत ९ गोल होते, एवढी सबब मात्र मान्य करायला हवी.

जखमींची वही

कॅपला एक पळवाटही होती. दीर्घकाळ जखमी असलेल्याच्या पगाराएवढं कॅपच्या वर जाता येत असे आणि प्लेऑफमध्ये तर कॅप मोजलीच जात नसे. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरॉव्ह साखळीत एकही सामना खेळला नाही, प्लेऑफला हजर झाला आणि संघानं कप जिंकला. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही पगार मोजायचा नियम करून ही फट बुजवली.

कॅम्प आणि कात्री

सप्टेंबरात कॅम्प भरतो. ज्यांना करार नाही ते निव्वळ चाचणीवर येतात. ज्यांचा करार दुहेरी, त्यांना एनएचएलमध्ये राहिलं तर एक पगार आणि खालच्या एएचएलमध्ये धाडलं तर बराच कमी. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी ‘वेव्हर्स’वर ठेवावं लागतं: चोवीस तासांत कुठलाही संघ त्याला फुकट उचलू शकतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अशी नावं रोज दुपारी जाहीर होतात आणि भाड्याच्या घरात सामान लावावं की नाही हे खेळाडूला त्यावरून कळतं.

हॉलोवे-ब्रोबर्ग गेल्यावर दोनच आठवड्यांत, ३ सप्टेंबरला, ऑयलर्सनी ड्रायसाइटलशी आठ वर्षांचा नवा करार केला. २०२५-२६ पासून वर्षाला १ कोटी ४० लाख. मॅकडेव्हिडनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली ती फक्त दोन वर्षांची आणि जुन्याच १ कोटी २५ लाखांवर. २०२६-२७ च्या १० कोटी ४० लाखांच्या अंदाजित कॅपमध्ये एका खेळाडूला वीस टक्के, म्हणजे दोन कोटींहून जास्त मागता आले असते. सोडलेल्या पैशांत भोवती चांगला संघ उभा करा, असा त्याचा अर्थ. त्यासाठी मुदत मात्र थोडी आहे. १ जुलै २०२८ ला तो मोकळा होतो.