बायोप्सीचा तुकडा सलाइनमध्ये ठेवला तर काय होतं?

वर्धा जिल्ह्यात खर्ऱ्यामुळे तोंडात झालेली जखम असो की स्तनातली गाठ, बायोप्सीसाठी बरेच जण सेवाग्राम किंवा सावंगी गाठतात. पण गाठ गावाकडच्या दवाखान्यातच काढली असेल, तर ती बाटलीत कशात घालून पाठवली यावर रिपोर्ट अवलंबून असतो.

शरीराबाहेर पडताच पेशी स्वतःच्याच एन्झाइममुळे विरघळू लागतात, वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर झपाट्याने. १० टक्के फॉर्मॅलिन हे थांबवतं, सलाइन नाही. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. ते तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं, म्हणून मोठी गाठ न चिरता बुडवली तर मधला भाग खराब होतोच. मग स्लाइडवर हिमॅटॉक्सिलिनचा निळा-जांभळा रंग पेशीच्या केंद्रकावर नीट बसत नाही, सगळं पुसट दिसतं.

स्तनाच्या कर्करोगात ही चूक फार महागात पडते. तुकडा ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये राहावा, असा निकष आहे. कमी राहिला तर हार्मोन रिसेप्टरची चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते आणि टॅमॉक्सिफेनसारखं स्वस्त, उपयोगी औषध रुग्णाला मिळतच नाही. पुन्हा रंगवून हे सुधारत नाही. तुकडाच पुन्हा घ्यावा लागतो, आणि गाठ आधीच पूर्ण काढलेली असेल तर तोही मार्ग बंद.