खो-खोचा खांब आणि सेकंदाचा हजारावा भाग

क्रीडाछायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेआधी खेळाची नियमावली वाचावी, आणि परभणी जिल्ह्यात, जिथे शालेय स्पर्धा बहुधा उघड्या मैदानांवर होतात, तिथे या अभ्यासाची सुरुवात खो-खोपासून करावी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्ट्यात आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्याला मधला पट्टा ओलांडता येत नाही, तसेच एकदा धरलेली दिशा खांबापलीकडील मुक्त क्षेत्र गाठेपर्यंत बदलता येत नाही. म्हणजे निर्णायक सूर खांबाजवळ पडण्याची शक्यता मोठी असते, आणि नवशिक्याला नेमके हेच हवे असते, कारण त्याचे बोट अजून मंद असते.

शटर, म्हणजे प्रकाशाला आत घेणारा पडदा, किती वेळ उघडा ठेवायचा हे शरीराच्या वेगावरून ठरते. सेकंदाला सहा मीटर धावणारी मुलगी १/६० सेकंदात दहा सेंटिमीटर पुढे सरकते आणि चित्रात तिची नुसती रेघ उरते. १/१००० सेकंदात हेच अंतर सहा मिलिमीटर होते. सूर मारताना हात धडापेक्षा वेगाने जातो, म्हणून १/१००० ही येथे किमान मर्यादा मानणे योग्य. उलट, मॅरेथॉनपटू ज्योती गवते यांच्या परभणीत रस्त्यावरची धाव टिपताना मुद्दाम १/६० ठेवून कॅमेरा धावपटूबरोबर वळवला, तर ती स्पष्ट राहते आणि मागचे दृश्य ओढले जाऊन वेग दिसू लागतो.

दुपारच्या कडक उन्हात आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाशग्राहकता, १०० ठेवून एफ/४ या छिद्रावर १/१६०० सहज मिळते. अडचण डिसेंबरातल्या अंतिम सामन्यांची: पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ची स्वस्त लेन्स त्याच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते. तिचा स्पष्टतेचा पट्टा मात्र अरुंद असल्याने फोकस आधीच खांबाशी बांधून ठेवावा, किंवा हलत्या खेळाडूचा सतत माग घेणारी पद्धत (कॅननमध्ये एआय सर्व्हो, इतरत्र एएफ-सी) वापरावी. बसायची जागा खांबामागे, मुक्त क्षेत्राबाहेर आणि गुडघ्याच्या उंचीवर असावी, म्हणजे चेहरा समोर येतो.

रात्रीच्या कबड्डीत नियमच पुन्हा मदतीला येतो: चढाई ३० सेकंदांची असते आणि चढाईपटूला मध्यरेषेकडे परतायचेच असते, म्हणून मध्यरेषेचे टोक धरून बसावे. दिवे मात्र फसवतात. ५० हर्ट्झच्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात, त्यामुळे १/१०० पेक्षा जलद शटरला लागोपाठच्या चित्रांचा उजेड आणि रंग बदलत राहतो. कॅमेऱ्यात लखलख टाळण्याची सोय असल्यास ती सुरू करावी, नसल्यास एकाच चढाईची अनेक चित्रे घ्यावीत. अशा वेळी १/५०० खाली न येता आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेण्यास कचरू नये, कारण चित्रातले दाणे नंतर सौम्य करता येतात, पण हललेला चेहरा कोणत्याही उपायाने सावरत नाही.